घरचा आवाज

फोरमनच्या धाकट्या बहिणीने साठी उलटल्यावर दुसरे लग्न केले, त्याच वर्षी त्या घरात ते खोके आले. खोके लग्नामुळेच आले म्हणा ना. नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांवर नव्या नवरदेवाने फोरमनचा हात हातात घेतला आणि अगदी नम्रपणे म्हटले, "तुमची बहीण आता आमच्याकडे आली." फोरमनना ऐकू आले ते 'गेली'. त्यांनी दुसरा हात नवरदेवाच्या खांद्यावर ठेवला.

"अरेरे. कधी? परवा तर चांगली हिंडतफिरत होती."

नवरी शेजारीच उभी होती. तिने भावाकडे असे काही पाहिले की, ऐकू येत नसले तरी फोरमनना तेवढे बरोबर समजले.

फोरमनचा जन्म छापखान्यात गेला. मोठमोठ्या यंत्रांच्या धडधडाटात उभे राहून त्यांनी लोकांच्या वाचनाची सोय केली आणि स्वतःचे कान तिथेच ठेवून घरी आले. निवृत्त झाल्यावरही घरीदारी सगळे त्यांना फोरमनच म्हणत. त्यांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, म्हणून त्या ऑपरेटरबाई. लोकांच्या लाइनी जोडून जोडून त्यांचा आवाज एका पट्टीत बसला होता. 'लाइन व्यस्त आहे' आणि 'दूध उतू गेलं' ही दोन्ही वाक्ये त्या एकाच सुरात म्हणत. राग नाही, लोभ नाही, चढ नाही, उतार नाही. त्या सुरात त्या सकाळी डोळे उघडल्यापासून बोलायला लागत, आणि घरातले बाकी सगळे पंख्याखाली झोपावे तसे त्या बोलण्याखाली वावरत.

पण फोरमनशी बोलायचे तर ओरडावे लागे, आणि तो आवाज ओरडायला केलेलाच नव्हता. कानात घालायचे एक जुने यंत्र होते. ते कानात कमी आणि खणात जास्त असे, कारण बटण जरा वर केले की ते शीळ घाली. ऑपरेटरबाईंनी त्या यंत्रावरून एक खोडी शोधली होती. समोर बसून नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही. फोरमन घाईघाईने बटण वर करीत, यंत्र शीळ घाली, आणि बाई सुपारीएवढेही न हसता म्हणत, "गाडी सुटली." पहिल्या काही वेळा फोरमन चिडले. मग त्यांनीही ठरवून टाकले की बायकोचे ओठ हलले आणि आवाज आला नाही, तर बटणाला हात लावायचा नाही. नुसते हसायचे. हम नहीं फसेंगे, असे ते हसणे.

सून हे सगळे पाहत होती. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातले बरेचसे महिने पाण्यावर, आणि घरी असला तरी असून नसल्यासारखाच. तेव्हा सासूसासऱ्यांच्या सगळ्या मारामाऱ्यांची एकुलती एक प्रेक्षक तीच. ती एका कंपनीत इंजिनीअर होती. कंपनीचे काम आवाजावर चाले: आवाज घ्यायचा, त्याचे आकडे करायचे, आकडे धुऊनपुसून पुन्हा त्यांचा आवाज करायचा. कंपनीच्या साहेबांना कामगार पाठीमागे 'प्रस्तावना' म्हणत, कारण कोणत्याही भाषणात ते प्रस्तावनेच्या पुढे गेल्याचे कोणाला आठवत नव्हते.

लग्नाच्या त्या फजितीनंतर सुनेने कंपनीतून चाचणीसाठी एक खोके आणले. साबणाच्या डबीएवढे, सदऱ्याच्या खिशात मावणारे, एक वायर कानाला. पण पहिल्या खोक्यात एकच प्रोसेसर होता आणि त्याच्या नाकी नऊ येत होते. माणसाचे ओठ आधी हलायचे, आवाज मागून यायचा.

"हिचं तोंड मिटलं की ही बोलायला लागते," फोरमन म्हणाले. "आधीच काय कमी होतं?"

नंतरचे खोके सुधारलेले होते. त्यात प्रोसेसरच्या शेजारी दुसरी एक चिप होती. तिचे खरे नाव कोप्रोसेसर, पण ते नाव कामगारांच्या जिभेवर अडखळे, म्हणून सगळे तिला 'जोडीदार' म्हणत. सुनेने जेवणाच्या टेबलावर खोके उघडून दाखवले. फोरमन पेपर वाचत होते. ऐकत होत्या त्या ऑपरेटरबाई.

"आई, आवाज म्हणजे काय, तर एका सेकंदाचे हजारो तुकडे. प्रत्येक तुकडा घ्यायचा, गुणायचा, आधीच्या बेरजेत मिळवायचा, पुढे सरकायचं. हा प्रोसेसर म्हणजे एकटा कारकून. हुशार आहे, पण एका वेळी एकच कागद."

"मग मागे रांग लागणारच."

"म्हणून शेजारी हा जोडीदार. याच्यात कारकून नाही, अख्खा हॉल आहे. शेकडो माणसं एकदम गुणतात, एकदम बेरीज करतात. आणि गंमत अशी की हॉलमधली बाकं हलवता येतात. रस्त्यावर गेलं की हे बटण, एक मांडणी. घरात आलं की हे घराचं चित्र असलेलं बटण, दुसरी मांडणी. चिप तीच, आतल्या जोडण्या बदलतात."

"म्हणजे आमचा बोर्ड. दिवसा कचेऱ्यांच्या लाइनी, संध्याकाळी घरांच्या. दोऱ्या त्याच, भोकं वेगळी."

"जवळजवळ. फक्त हा चहाला उठत नाही."

"संपही करत नसेल," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "नवऱ्यांना आवडेल असा जोडीदार आहे."

मग त्यांनी पेपराकडे एकदा पाहिले आणि आवाज होता त्याहून खाली आणला. "हळू बोललेलं येईल का त्यांना ऐकू? एवढं हळू?"

सुनेला त्या प्रश्नाचा अर्थ माहीत होता. त्याच महिन्यात ती सासूला घेऊन डॉक्टरकडे गेली होती. हृदयाची एक झडप पार कामातून गेली होती. ऑपरेशन करता येईल, पण या वयात त्यातून उठण्याची खात्री नाही. न करावे तर किती दिवस, याचीही नाही. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी हात वर केले होते. बाहेर बाकावर बसून ऑपरेटरबाईंनी सुनेला बजावले होते, "त्यांना तू सांगायचं नाहीस. कागदावर लिहूनही नाही, ते काय वीजबिल आहे? मी सांगणार. पण ओरडून नाही. आपल्या भिंती पातळ आहेत. त्यांच्याआधी शेजारीण रडायला येईल."

आणि थोड्या वेळाने, त्याच सुरात: "इतकी वर्षं जे काही बोलले ते ओरडूनच. एक गोष्ट तरी हळू बोलू दे."

तेव्हा सुनेने ठरवले की या खोक्याने बाकी काही ऐकवले नाही तरी चालेल, सासूचा आवाज ऐकवलाच पाहिजे. घराच्या मांडणीला तो आवाज शिकवायचा, म्हणजे घरात शिरल्यावर जोडीदार तो आधी पुढे आणील आणि बाकीचे मागे सारील. तिने स्वयंपाकघरात माइक ठेवला आणि सासूला सांगितले, "नेहमीसारखं बोला." ऑपरेटरबाई नेहमीसारख्या बोलल्या. ओला टॉवेल पलंगावर, चष्मा फ्रिजवर, पेपरची पाने उलटसुलट, असा फोरमनचा सगळा इतिहास त्यांनी एका दमात सांगितला. सुनेने त्या रेकॉर्डिंगला नाव दिले 'घरचा आवाज' आणि कंपनीत नेऊन ते गाळणीवाल्याच्या हवाली केले.

गाळणीवाला म्हणजे मांडण्या करणारा तिचा सहकारी. कोणता आवाज ठेवायचा, कोणता गाळायचा, हे तो जोडीदाराला शिकवी. मन लावून काम करणारा माणूस, फक्त कोणाला काही विचारायचे म्हणजे त्याच्या जिवावर येई.

नवी मांडणी घालून खोके घरी आले. फोरमनना नळाची टपटप ऐकू येईना, पंख्याची घरघर ऐकू येईना, पण दारावरची टकटक आली, सुनेचे बोलणे आले, शेजारणीचे दोन भिंतींपलीकडचे भांडण शब्द न् शब्द आले. फोरमन खुर्चीत बसून लहान मुलासारखे मान इकडेतिकडे वळवत राहिले. सुनेने मुद्दाम चपला घातल्या. "मी कोपऱ्यावरून जाऊन येते," ती म्हणाली, आणि सासूकडे न बघता बाहेर पडली.

परत आली तेव्हा फोरमन पेपर वाचत होते आणि ऑपरेटरबाई भांडी घासत होत्या. न बोलता. त्या घरात असे कधी झाले नव्हते.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग?"

"हसले."

सून सासऱ्यांकडे पाहत राहिली. त्यांनी मान वर केली. "काय गं, आज घर किती शांत आहे. तुझं यंत्र फार छान."

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरबाईंनी पुन्हा सांगितले. ते पुन्हा हसले. त्यानंतरही एकदा सांगितले, समोर बसून, हात धरून. फोरमननी तो हात थोपटला आणि डोळे मिचकावले.

"आई, त्यांना ऐकू गेलं नसेल."

"तुझं ऐकू जातं. शेजारणीचं जातं. काल पोस्टमन दाराबाहेर शिंकला तर यांनी आतून त्याची चौकशी केली. माझंच तेवढं जात नाही होय?" ऑपरेटरबाई म्हणाल्या. "चांगलं ऐकू जातंय. माणूसच तसा निघाला. कान नव्हते तोवर झाकून होतं."

आणि त्यांनी तोंडात गुळणी धरली. पंखा बंद पडल्यावर खोली एकदम मोठी वाटते ना, तसे ते घर सुनेला वाटू लागले.

मध्येच साहेबांनी टूम काढली. एका मोठ्या दुकानसाखळीचे तीन खरेदीदार यायचे होते आणि त्यांना खोके प्रयोगशाळेत नाही, एखाद्या खऱ्या घरात, खऱ्या बहिऱ्यावर दाखवायचे होते. खरा बहिरा आयताच होता. साहेब खरेदीदारांना घेऊन फोरमनच्या घरी आले आणि उभे राहून त्यांनी प्रस्तावना सुरू केली. मानवाने चाकाचा शोध लावला तिथून ते निघाले. चहा निवला, तेव्हा ते वाफेच्या इंजिनापाशी होते.

शेवटी एका खरेदीदाराने दाराआडून कुजबुजत विचारले, "आजोबा, वय काय?" फोरमननी आतून उत्तर दिले. दुसऱ्याने पाठ फिरवून विचारले. त्यालाही मिळाले. साहेबांचा चेहरा खुलला. "आता बाई, तुम्ही काहीतरी विचारा. घरचं माणूस."

ऑपरेटरबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. कितीतरी दिवसांनी त्या बोलल्या. "मी मेले तर तुम्हाला कळेल का?"

फोरमन हसले. मग साहेबच खोखो हसत म्हणाले, "नवरे सगळे सारखेच," आणि खरेदीदारांनीही हसून घेतले. सून मात्र भिंतीला टेकून उभी होती, आणि तिला कोणी थोबाडीत मारली असती तरी बरे वाटले असते.

पाहुण्यांना पोहोचवायला सगळे खाली रस्त्यावर आले. सवयीप्रमाणे फोरमननी खिशातले रस्त्याचे बटण दाबले. गाडीपाशी उभे राहून साहेबांनी राहिलेली प्रस्तावना पुढे चालवली. ऑपरेटरबाई सर्वांच्या मागे उभ्या होत्या. त्या आपल्याशीच, ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या, "याची लाइन कोणी कापत कशी नाही?"

फोरमन फसकन हसले. नुसते हसले नाहीत, वळून म्हणाले, "कापली तरी हा बोलतच राहील. पलीकडे कोणी आहे की नाही याच्याशी त्याला काय करायचंय?"

ऑपरेटरबाईंनी तोंड फिरवले. "बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "चारचौघांत कसं ऐकू येतं."

पण सून जागच्या जागी खिळली होती. माणूस तोच, बायको तीच, आवाज तर आणखी हळू. रस्त्यावर ऐकू आला, घरात नाही. म्हणजे खोट सासऱ्यांच्या मनात नव्हती, घराच्या मांडणीत होती. ती पाहुण्यांबरोबरच गाडीत बसली आणि थेट गाळणीवाल्याच्या टेबलापाशी गेली.

"मी तुला 'घरचा आवाज' दिला होता. त्याचं काय केलंस?"

"गाळला की," गाळणीवाला अभिमानाने म्हणाला. "पंख्याचा आवाज, नळाचा आवाज, रस्त्याचा आवाज, घरचा आवाज. सगळे काढायच्या रांगेत घातले. पंख्याने त्रास दिला, त्याचा वेग बदलतो. पण तुझा तो घरचा फार सरळ निघाला. एका पट्टीत. जोडीदाराने एका झटक्यात पकडला आणि मुळापासून उपटला."

"अरे, ती माझी सासू आहे."

गाळणीवाल्याने कानांवरचे हेडफोन काढले. "बाई बोलतेय ते कळलं मला. मला वाटलं, शेजारची असेल."

"आवाज म्हणजे बोलण्याचा आवाज. ठेवायचा."

"आवाज म्हणजे कटकट. काढायची. 'केवढा आवाज चाललाय' असं आपण म्हणतो ते काय ठेवायला? ठेवायचं असेल तर 'बोलणं' लिहायचं."

"विचारायचं तरी."

"विचारायला काय होतं त्यात? नाव स्पष्ट होतं."

एका शब्दावर दोघांचे वाजले, तेवढ्यात साहेब आले. सुनेने त्यांना चूक सांगितली. साहेबांनी शांतपणे ऐकले, पुन्हा सांगायला लावले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू तेज चढत गेले.

"म्हणजे ठराविक माणसाचा आवाज आपण नेमका काढू शकतो? बाकी सगळं ऐकू येतं, फक्त ते माणूस नाही?"

"चुकून, साहेब."

"ही चूक नव्हे. हिला आपण नाव देऊ. 'घरशांती'. बायका नवऱ्यासाठी घेतील, नवरे बायकांसाठी, दोघं मिळून आईवडिलांसाठी. बहिरेच कशाला, धडधाकट कानांची माणसंही रांग लावतील. खरेदीदार पुढच्या आठवड्यात पुन्हा येताहेत. त्या खोक्यातली मांडणी होती तशीच राहू दे, हात लावायचा नाही. हा हुकूम समज."

सुनेने मान हलवली, मांडणीची आपल्यापुरती एक प्रत दुरुस्त केली, वायर पिशवीत टाकली आणि घरी गेली. नोकरी जाईल, हे तिने जिना चढतानाच गृहीत धरले. सासऱ्यांच्या खिशातून खोके काढून तिने ते टेबलावर कॉम्प्युटरला जोडले. जोडीदाराच्या हॉलमधली बाकं पुन्हा मांडली गेली: जी माणसे बाईंना दारातूनच हाकलत होती, तीच आता त्यांना हात धरून पुढे आणू लागली. माणसांना काय, सांगाल ते.

"बाबा, घराचं बटण दाबून बसा. आई, तुम्ही यांच्याशी बोला."

"मी बोलले तेवढं पुरे झालं."

फोरमन ताडकन सरळ बसले. "अगं, घरातही तुला आवाज आहे?"

"होता," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

"मग इतके दिवस नुसते ओठ काय हलवत होतीस? मला वाटलं, जुनी खोडी काढतेयस. मी म्हटलं, या वेळी फसायचं नाही."

ऑपरेटरबाई खुर्चीत बसल्या. सून चपला न घालताच बाहेरच्या खोलीत गेली. दार लावून घ्यायचे तिच्या ध्यानात आले, पण तिने लावले नाही.

आत बराच वेळ तो एका पट्टीतला आवाज चालू होता, दूध उतू गेल्याचे सांगावे तसा. मग फोरमन बोलले. ते बहिऱ्या माणसाच्या सवयीने मोठ्याने बोलत, पण या वेळी नाही.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. तीनदा."

"मी काय म्हणालो?"

"हसलात."

मग फोरमन म्हणाले, "ऑपरेशन करायचंय तुला?"

"नाही. भीती वाटते."

"मग नको. नाही केलंस तर वाटणार नाही का भीती?"

"तुम्ही उत्तरं देत राहिलात तर कमी वाटेल."

नंतर त्या टॉवेलवर घसरल्या. फोरमननी टॉवेलबद्दल प्रत्युत्तर दिले. असे त्या घरात किती वर्षांनी होत होते, हे त्यांनाच ठाऊक.

पुढच्या आठवड्यात साहेब खरेदीदारांना घेऊन आले, तेव्हा फोरमन आणि ऑपरेटरबाई कोचावर शेजारी बसून हळूहळू भांडत होते. भांडण आधीच्या दिवसापासून सुरू होते आणि त्यांना मध्ये थांबायला सवड नव्हती. साहेब चाकापासून निघाले ते कोचावर कोणाच्या गावीही नव्हते. खरेदीदारांपैकी एकाने आदराने विचारले, "हीच का ती घरशांती?" सुनेने तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, "हीच." आणि सौदा तिथेच पक्का झाला. मांडणी बदललेली आहे हे साहेबांना कधीच कळले नाही, कारण त्यासाठी त्यांना थोडा वेळ गप्प बसून ऐकावे लागले असते. सुनेची नोकरी राहिली. कंपनीतली जुनी मांडणी शेकडो खोक्यांत भरली गेली. कोणाला कोणता आवाज काढायचा असेल तो ज्याने त्याने नंतर भरायचा, पण नमुना म्हणून आधीपासून एक आवाज प्रत्येक खोक्यात होताच. तो काढून टाकायला गाळणीवाल्याला कोणी सांगितले नाही, आणि त्याने कोणाला विचारले नाही.

हिवाळा उलटल्यावर साहेब त्या घरी शेवटचे आले. फोरमनसमोर उभे राहून त्यांनी दुःखाची प्रस्तावना केली. म्हणाले, "बाई कुठे गेल्या नाहीत. त्यांचा आवाज आमच्या प्रत्येक खोक्यात आहे." सुनेला माहीत होते की हे अक्षरशः खरे आहे, आणि कुठे कुठे, कोणाकोणाच्या खिशात, तो अजून गाळला जातो आहे.

फोरमननी खिशात हात घातला आणि घराचे बटण दाबले. साहेबांचा आवाज मागे गेला, पंखा मागे गेला, रस्ता मागे गेला. जोडीदाराने सगळ्यांना मागे सारले आणि पुढे आणण्यासाठी एकच आवाज शोधायला सुरुवात केली.

धाकट्या बहिणीच्या लग्नाला वर्ष व्हायला एक दिवस कमी होता, त्या सकाळी ऑपरेटरबाई हृदयाच्या आजाराने घरीच वारल्या होत्या.